वयस्क जोडीदाराला फ्लू झाला तर घरी काय करायचे

मृग लागला की गोव्यात घरोघरी कोणी ना कोणी खोकत असते आणि चतुर्थी होऊन गेली तरी ते थांबत नाही. चाळिशीतला माणूस चार दिवस अंथरुणात काढतो आणि कामाला लागतो. पंच्याहत्तरीच्या माणसाला तोच फ्लू थेट बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात पोचवू शकतो. ज्या घरात दोघेच राहतात, मुले पुण्याला, दुबईला किंवा बोटीवर असतात आणि सत्तरीतल्या एकानेच सत्तरीतल्या दुसऱ्याचे करायचे असते, त्या घरासाठी हे लिहिले आहे.

ताप नसला तरी फ्लू असू शकतो

साधी सर्दी हळूहळू चढते. फ्लू अचानक येतो. सकाळी बाजारात जाऊन आलेला माणूस दुपारी अंग दुखते म्हणून आडवा होतो आणि संध्याकाळी त्याला हुडहुडी भरते. कोरडा खोकला, डोकेदुखी, घशात खवखव ही नेहमीची लक्षणे. मात्र उतारवयात शरीराची तापवण्याची ताकदच कमी झालेली असते, त्यामुळे ताप ९९ अंश फॅरनहाइटच्या पुढे न जाताही आजार बळावतो. त्या वयात बघायच्या गोष्टी वेगळ्या. ताट तसेच परत येते. खुर्चीतून उठताना दोनदा बूड टेकते. चालताना भिंत धरली जाते. कधी नाही ते कपड्यात लघवी होते. बोलणे भरकटते, किंवा माणूस नुसता झोपून राहतो आणि हाक मारली की "हूं" म्हणतो. यातले काहीही एका दिवसात नव्याने सुरू झाले असेल तर ते आजाराचेच लक्षण धरा. "वय झाले, असे होणारच" म्हणून सोडून देऊ नका.

ज्यांचे रोजचे तापमान ९७ च्या आसपास असते त्यांच्या बाबतीत ९९ च्या पुढचा आकडाही ताप समजावा. डिजिटल थर्मामीटर काखेत लावताना आधी काख पुसून कोरडी करा, हात छातीशी घट्ट धरून ठेवा आणि बीप होईपर्यंत हलवू नका. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण एका अंशाने कमी येतो, म्हणून एकदा काखेत आणि एकदा तोंडात असे करू नका. तुलनाच करता येत नाही. गरम चहा किंवा कषाय (काढा) घेतल्यावर पंधरा मिनिटे तोंडात थर्मामीटर घालू नये.

गोव्याच्या पावसात आणखी एक अडचण असते. इथे याच महिन्यांत डेंग्यू, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आणि मलेरियाही असतात. खोकला, घसा, नाक यांपैकी काहीच नाही आणि ताप मात्र आहे, तर तो फ्लू आहे असे घरात ठरवू नका, रक्त तपासून घ्या. शेतात, गोठ्यात, कुळागरात (पोफळीच्या बागेत) पाण्या-चिखलात उतरणारा माणूस असेल, पोटऱ्या खूप दुखत असतील, डोळे लाल झाले असतील, तर डॉक्टरांना "चिखलात काम करतात" हे पहिल्या वाक्यात सांगा. लेप्टोचे औषध वेगळे आहे आणि ते लवकर सुरू व्हावे लागते. सत्तरी तालुक्यात उन्हाळ्याच्या तोंडावर, काजूच्या हंगामात रानात जाणाऱ्यांनी गोचिडीच्या चाव्याने होणारा माकडतापही लक्षात ठेवावा.

पहिले ४८ तास

फ्लूच्या विषाणूवर थेट काम करणारे औषध आहे, ऑसेल्टामिव्हिर. लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केले तर त्याचा फायदा सर्वांत जास्त होतो. म्हणून शनिवारी रात्री ताप आला तर "सोमवारी बघू" हे महागात पडते. आपल्या डॉक्टरांचा दवाखाना बंद असेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत जा, उत्तरेत म्हापशाला, दक्षिणेत मडगावला. पासष्टीपुढच्या माणसाला, त्यातून मधुमेह, दमा, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर, डॉक्टर बहुधा तपासणीच्या रिपोर्टची वाट न पाहता हे औषध सुरू करतात. ४८ तास उलटून गेले असले तरी वयस्क माणसाला ते देतात, तेव्हा "आता काय उपयोग" म्हणून घरी बसू नका.

नेहमीचा डोस ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस. मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर डोस कमी करावा लागतो, म्हणून क्रिएटिनिनचा शेवटचा रिपोर्ट सोबत न्या. गोळीने मळमळते. रिकाम्या पोटी देण्याऐवजी दोन घास पेज खाल्ल्यावर दिली तर बरेच निभावते. दोन दिवसांत बरे वाटले म्हणून उरलेल्या कॅप्सूल पुढच्या वेळेसाठी ठेवू नका, पाच दिवस पूर्ण करा.

अँटिबायोटिकचा फ्लूवर काडीचा उपयोग नाही. फार्मसीवाला "तीन दिवसांचा कोर्स घ्या, सगळ्यावर चालतो" म्हणून ॲझिथ्रोमायसिन पुढे करतो. ते घेऊ नका. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्या माणसाला त्याने त्रास होऊ शकतो आणि खरा न्यूमोनिया झाला तर डॉक्टरांचे काम अवघड होते.

तापाची गोळी आणि रोजच्या गोळ्या

तापाला आणि अंगदुखीला पॅरासिटामॉल, दुसरे काही नाही. एका वेळी ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचे अंतर. वयस्क माणसाला २४ तासांत ३ ग्रॅमच्या वर जाऊ नये. वजन पन्नास किलोच्या खाली असेल, यकृताचा आजार असेल किंवा रोज घेण्याची सवय असेल तर त्याहून कमी, आणि ते डॉक्टरांना विचारूनच. ६५० ची गोळी दिवसातून चारदा दिली की २.६ ग्रॅम होतात, म्हणजे वर फारशी जागा उरत नाही. आणि नेमकी इथेच चूक होते. सर्दीच्या बहुतेक तयार गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असते. वेगवेगळ्या रंगाच्या दोन पट्ट्या म्हणजे दोन वेगळी औषधे असे वाटते आणि डोस दुप्पट होतो. पट्टीच्या पाठीमागची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचा.

त्याच सर्दीच्या गोळ्यांत आणखी दोन गोष्टी असतात. फिनाइलएफ्रिन नाक मोकळे व्हावे म्हणून घातलेले असते, पण ते रक्तदाब वाढवू शकते. क्लोरफेनिरामिनने गुंगी येते, वयस्क माणूस त्यावर बरळू लागतो, आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी अडकू शकते. पडून खुबा मोडला तर फ्लू राहतो बाजूला. म्हणून सर्दीची तयार गोळी घरात असली तरी ती बाहेर काढू नये हे बरे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, निमेसुलाइड या दुखण्यावरच्या गोळ्याही नकोत. पाणी कमी पडलेल्या शरीरात त्या मूत्रपिंडाला मारतात, आणि पुढे डेंग्यू निघाला तर रक्तस्रावाची भीती वाढवतात.

रोजच्या गोळ्यांचे काय? इथे स्वतः काही बंद करू नका, पण डॉक्टरांना फोन करून नावानिशी विचारा. जेवण निम्म्यावर आले असेल तर ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडने साखर धोकादायक खाली जाते. उलट्या-जुलाब होत असतील किंवा पाणीही जात नसेल तर मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, लघवी होण्याची गोळी आणि टेल्मिसार्टन-रॅमिप्रिलसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या काही दिवस थांबवायच्या का, हा प्रश्न विचारायलाच हवा. इन्सुलिन मात्र जेवत नाहीत म्हणून पूर्ण बंद करायचे नसते. आजारपणात साखर वाढतेही, डोस विचारून बदला. रक्त पातळ करणारी वॉर्फरिन किंवा ॲसेनोकूमॅरॉल चालू असेल तर सलग पॅरासिटामॉलनेही रक्त जास्त पातळ होऊ शकते, म्हणून आयएनआर (रक्त किती पातळ आहे ती तपासणी) कधी करायचा ते विचारा. थायरॉइड, फिट, पार्किन्सन आणि स्टेरॉइडच्या गोळ्या एकही वेळ चुकता कामा नयेत.

ग्लुकोमीटरवर साखर ७० च्या खाली दिसली आणि माणूस शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर अर्ध्या पेल्या पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. ग्लानीत असेल तर तोंडात काहीही घालू नका. आणि साखर कमी करणारी गोळी पोटात असताना एकदा खाली गेलेली साखर पुन्हा खाली जाते, म्हणून वर आली तरी डॉक्टरांना कळवाच.

फेणीबद्दल दोन शब्द, कारण घरात बाटली असते आणि कोणी तरी सुचवतेच. छातीला चोळल्याने काही बिघडत नाही, बरे वाटते इतकेच. पोटात घेतल्याने मात्र शरीरातले पाणी कमी होते, तोल जातो आणि पॅरासिटामॉलबरोबर यकृतावर ताण पडतो. हुर्राक या काजूच्या हलक्या दारूचेही तेच.

पेज, पाणी आणि ताकद

दिवसभरात दीड ते दोन लिटर पातळ पोटात जायला हवे, त्यात पेज, सूप, चहा, दूध सगळे धरायचे. ज्यांना हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून दिलेले आहे त्यांनी डॉक्टरांचीच मर्यादा पाळावी. म्हातारपणी तहान कमी लागते, त्यामुळे "हवे का?" विचारले की उत्तर "नको" असते. विचारू नका, पेला हातात द्या. दीडशे मिलीलिटरचा छोटा पेला दर तासाला दिला तर सकाळी आठ ते रात्री आठ दीड लिटरच्या वर जाते. रात्री आठनंतर कमी करा, नाहीतर मध्यरात्री न्हाणीच्या फेऱ्या वाढतात. लघवी गडद चहासारखी दिसली किंवा आठ तास झालीच नाही तर पाणी कमी पडते आहे.

आडसराचे (शहाळ्याचे) पाणी चांगले, पण त्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांना रोज दोन-दोन आडसरे पाजू नयेत. जुलाब होत असतील तर ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात, पूर्ण एक लिटरच, आणि चोवीस तासांनी उरलेले ओतून द्या.

पेज करताना एक वाटी उकडे तांदूळ अर्धा तास भिजवा, सहा-सात वाट्या पाणी घालून कुकरला पाच-सहा शिट्या काढा, मग मंद आचेवर आणखी दहा मिनिटे ठेवा. शीत बोटांत सहज चिरडले पाहिजे. प्रत्येक वाडग्याला चिमूटभर मीठ पुरे, कारण पेजेबरोबर सुका बांगडा किंवा लोणचे दिले तर मीठ तिथूनच भरमसाट जाते आणि रक्तदाबवाल्याच्या पायाला सूज येते. त्याऐवजी मऊ शिजवलेले मूग किंवा खोबऱ्याची पातळ चटणी द्या. पण नुसत्या पेजेवर माणूस ठेवू नका. पेजेत प्रथिने फार थोडी असतात आणि अंथरुणाला खिळलेल्या वयस्क माणसाचे स्नायू आठवड्याभरात ओसरतात. ताप जातो आणि पायांतली ताकदही त्याच्याबरोबर जाते. दुसऱ्या दिवसापासून पेजेत मुगाची डाळ शिजवून घाला, किंवा गरम पेजेत एक अंडे फेटून सोडा आणि दोन मिनिटे उकळू द्या. नाचण्याचे तिझन, दही, मूगडाळ घालून केलेले आटवल हे सगळे चालते. ताजा मासा मिळत असेल तर तिखट न घालता केलेले पातळ हुमण उत्तम, मात्र १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत अंड्यांवर आणि मुगावर भर द्यावा. भरलेले ताट समोर नको. दर दोन-अडीच तासांनी अर्धा वाडगा.

कषायाने घसा शेकतो, एवढ्यासाठी ते जरूर द्या. धणे, जिरे, आले, दोन मिरी, थोडी तुळस. गूळ मधुमेहींना वगळा. ज्येष्ठमध रक्तदाबाच्या माणसाला नको, त्याने दाब चढतो आणि पोटॅशियम उतरते.

भरवण्याची पद्धत भरवण्याइतकीच महत्त्वाची. आडव्या माणसाला चमच्याने पेज पाजली की ती श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो, आणि म्हाताऱ्यांचे कित्येक न्यूमोनिया असेच होतात. पाठीला उशा लावून ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली, कवळी तोंडात बसवलेली. एक चमचा, गिळल्याची खात्री, मग दुसरा. खोकला आला तर थांबा. जेवणानंतर अर्धा तास तसेच बसवून ठेवा. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवा आणि झोपण्यापूर्वी दात-हिरड्या मऊ ब्रशने पुसून घ्या. तोंडातले जंतूच पुढे फुप्फुसात उतरतात.

खोली, न्हाणी आणि उठवणे

शक्य असेल तर वेगळी खोली, नाहीतर निदान वेगळा पलंग आणि एक मीटर अंतर. समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर तरी उघड्या ठेवा, पाऊस असला तरी. बंद ओलसर खोलीत बुरशी चढते आणि विषाणूही तिथेच घुटमळतो. पावसात चादरी वाळत नाहीत हे खरेच, म्हणून धुतलेली एक जोडी आणि वापरातली एक जोडी अशा दोनच ठेवून पंख्याखाली वाळवा. अर्धवट ओली चादर अंगाखाली नको, पाठीची कातडी तिथून सुटते. संध्याकाळची नारळाच्या सोडणाची धुरी, मच्छर कॉइल आणि उदबत्ती त्या खोलीत बंद. मच्छरदाणी लावा.

वाफ घ्यायचीच असेल तर टेबलावर ठेवलेल्या जड भांड्यातून, पाच मिनिटे, तुम्ही समोर असताना. उकळत्या पाण्याचे टोप मांडीवर घेऊन भाजलेले म्हातारे दर पावसाळ्यात दवाखान्यात येतात, आणि वाफेने फ्लू लवकर जातो असेही नाही.

आता उठवणे. गोव्यातल्या जुन्या घरांत न्हाणी मागच्या बाजूला असते, मध्ये एक उंबरा आणि एक पायरी, आणि पावसात लादी घामेजलेली. फ्लूत पडणे बहुतेक रात्रीच्या या वाटेवर होते. कारण साधे आहे: पाणी कमी, रक्तदाबाची गोळी पोटात, आणि माणूस झोपेतून एकदम उभा राहतो. पहिल्या तीन-चार रात्री पलंगाजवळच सोय करा. पुरुषाला युरिन पॉट, बाईला कमोड खुर्ची. दोन्ही वैद्यकीय साहित्याच्या दुकानात मिळतात, कमोड खुर्ची भाड्यानेही. "मला लाज वाटते" हे ऐकावे लागेल. एकदा वापरले की तक्रार बंद होते.

उठवताना हात धरून ओढायचे नाही. त्यांचा खांदा आणि तुमची कंबर एकाच झटक्यात जाते. आधी त्यांना तुमच्याकडे कुशीवर वळवा, गुडघे वाकवलेले. मग दोन्ही पाय पलंगाबाहेर सोडा आणि त्याच वेळी त्यांना खालच्या कोपरावर भार देऊन वर यायला सांगा. तुमचा एक हात त्यांच्या खांद्याच्या पाठीमागे, एक कमरेला. पाय खाली गेले की वजनाने धड आपोआप वर येते. पाय जमिनीवर टेकून दोन मिनिटे बसू द्या, घोटे वर-खाली दहा वेळा हलवायला सांगा. चक्कर नसेल तरच उभे करा, आणि उभे राहिल्यावर मनात वीस आकडे मोजून मग पहिले पाऊल. पाय गळपटले तर त्यांना धरून ठेवण्याचा हट्ट करू नका, अंगाला लावून हळूहळू खाली बसवा आणि शेजाऱ्याला हाक मारा.

दिवसा जेवणापुरते तरी खुर्चीत बसवा. पलंगावर असताना दर दोन तासांनी कूस बदला, टाचा आणि माकडहाडाजवळची कातडी लाल झाली आहे का ते रोज पाहा. रात्री हाक ऐकू येत नसेल तर उशाशी स्टीलचा पेला आणि चमचा ठेवा. तो आवाज भिंतीपलीकडेही पोचतो. वीज जाणार हे धरून चालायचे, म्हणून बॅटरी पलंगाच्या उजव्या हाताला, मोबाइल भरलेला, ऑक्सिमीटरचे जादा सेल घरात.

वहीत काय लिहायचे

सकाळ, दुपार, रात्र एकेक ओळ पुरे: ताप, नाडी, ऑक्सिजन, श्वास, किती पेले गेले, लघवी कितीदा, कोणती गोळी किती वाजता. फोनवर डॉक्टरांना "बरे नाही वाटत" सांगण्यापेक्षा ही ओळ वाचून दाखवली की त्यांना लगेच कळते.

ऑक्सिमीटर लावण्याआधी माणूस पाच मिनिटे शांत बसलेला हवा. बोट गार असेल तर चोळून गरम करा, नखाला पॉलिश किंवा मेंदी नको. मधले बोट घाला आणि आकडा निदान अर्धा मिनिट स्थिर होईपर्यंत वाचू नका. पहिला झळकतो तो आकडा खोटा असतो. ९५ आणि वर ठीक. ९३-९४ आला तर पंधरा मिनिटांनी पुन्हा, तोच राहिला तर डॉक्टरांना फोन. ९२ किंवा खाली गेला तर इस्पितळ. ज्यांना फुप्फुसाचा जुना आजार आहे आणि एरवीच ९० च्या आसपास असतात, त्यांचा आकडा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

श्वास मोजणे हे त्याहूनही उपयोगी आणि फुकट. सांगून मोजले की माणूस श्वास बदलतो, म्हणून नाडी बघतोय असे दाखवून मनगट धरा आणि नजर पोटावर ठेवा. पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून. वीसपर्यंत ठीक. पंचविशी गाठली की फोन. तिशीला गेला की थांबायचे नाही.

डोके ठिकाणावर आहे का हे बघायला रोज तेच तीन प्रश्न: आज वार कोणता, आपण कुठे आहोत, नातवाचे नाव काय. चष्मा आणि कानातले यंत्र लावूनच विचारा, नाहीतर न ऐकू आल्यामुळे चुकलेले उत्तर तुम्हाला घाबरवेल.

१०८ कधी

ऑक्सिजन ९० किंवा खाली. श्वास मिनिटाला ३० किंवा वर. एक वाक्य दमात पूर्ण होत नाही. ओठ निळसर. छातीत दुखणे किंवा दाब. हलवूनही नीट जागे होत नाहीत, किंवा अचानक घरच्या माणसाला ओळखत नाहीत. वरचा रक्तदाब ९० च्या खाली. एका बाजूचा हात-पाय लुळा. यातले एक जरी असले तरी मुलांना विचारत बसू नका. आधी १०८, मग व्हिडिओ कॉल. फ्लूनंतरच्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचा धोकाही वाढलेला असतो, त्यामुळे छातीतले दुखणे "गॅस असेल" म्हणून सोडू नये. घरी ऑक्सिजनचा सिलिंडर आणून दिवस ढकलणे हा तर सगळ्यात वाईट मार्ग.

फोनवर गाव, वाडा आणि जवळचे देऊळ, चॅपेल किंवा खुरीस (क्रूस) सांगा. घर क्रमांकावरून वाड्यातले घर रात्री कोणालाच सापडत नाही. गल्ली अरुंद असेल तर शेजारच्या एखाद्या पोराला बॅटरी घेऊन तिठ्यावर उभे करा. पिशवी पहिल्याच दिवशी भरून ठेवा: आधार, गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड असेल तर ते, सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, जुने रिपोर्ट, ती वही, चष्मा, कवळीची डबी, चार्जर, एक शाल.

करणाऱ्याने आजारी पडायचे नाही

तुम्हीही त्याच वयाचे. आजारी माणूस लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून ते नंतर पाच-सात दिवस विषाणू सोडत असतो, म्हणजे पहिला दिवस तुम्ही आधीच गमावलेला आहे. तरी उरलेले दिवस वाचवता येतात. खोलीत असताना दोघांनी मास्क, तुमचा एन-९५ असेल तर बरे. रुमालाऐवजी कागदी टिश्यू आणि झाकणाची बादली. हात वीस सेकंद साबणाने, विशेषतः थुंकी, टिश्यू, कवळी हाताळल्यावर. दाराची कडी, रिमोट, मोबाइल रोज पुसा. कडक पृष्ठभागावर विषाणू एक-दोन दिवस टिकतो. तुम्हाला दमा, मधुमेह असेल तर प्रतिबंधासाठी तुम्हालाही ऑसेल्टामिव्हिर द्यायचे का, हे त्याच भेटीत विचारून घ्या.

स्वतःच्या गोळ्यांचा गजर मोबाइलवर लावा, कारण या गडबडीत पहिली चुकते ती स्वतःची रक्तदाबाची गोळी. दुपारी दीड तास आडवे व्हा. त्या दीड तासासाठी शेजारणीला बलकांवात (दारापुढच्या ओसरीवर) बसायला सांगणे यात ओशाळण्यासारखे काही नाही. आणि चतुर्थी आली असेल तर मूळ घरी जाणे यंदा राहिले, हे भावकीला आदल्या दिवशीच फोनवर कळवून टाका. वीस-पंचवीस माणसे, आरती, एकाच ताटातला प्रसाद, आणि त्यात दोन-चार आणखी सत्तरी ओलांडलेले असतातच. घरी बघायला येणाऱ्यांनाही दाराबाहेरूनच वाटेला लावा.

पाचव्या दिवसानंतर

ताप साधारण तीन ते पाच दिवसांत उतरतो. खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो आणि थकवा त्याहून जास्त. एवढ्याने घाबरू नका. घाबरायचे ते वेगळ्या गोष्टीला. दोन दिवस बरे वाटून, जेवायला लागून, पाचव्या-सातव्या दिवशी ताप पुन्हा चढतो, कफ पिवळा किंवा गंजाच्या रंगाचा होतो, दम लागतो. हा फ्लूच्या पाठोपाठ आलेला न्यूमोनिया. इथे अँटिबायोटिक लागते आणि त्याच दिवशी लागते. पहिला ताप उतरला म्हणून वही बंद करू नका, दहा दिवस तरी चालू ठेवा.

ताप गेल्यावर पायांना कामाला लावा. हातांची खुर्ची भिंतीला टेकवून, बसणे-उठणे पाच वेळा, सकाळ-संध्याकाळ, तुम्ही शेजारी उभे असताना. दोन-तीन दिवसांनी आठ वेळा. मग बलकांवापर्यंत, मग फाटकापर्यंत. पहिल्या आठवड्यात न्हाणीत स्टूल ठेवून बसूनच आंघोळ.

लस दोघांनी एकाच दिवशी घ्यावी, पाऊस सुरू होण्याआधी, एप्रिल-मे महिन्यांत. परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात आणि फ्लूचा विषाणू रूप बदलत असल्याने ती दरवर्षी घ्यावी लागते. यंदा फ्लू होऊन गेला तरी लस टाळू नका, कारण एकाच मोसमात फ्लूचे दोन-तीन प्रकार फिरत असतात. त्याच भेटीत न्यूमोकोकल लसीबद्दलही विचारा. ती दरवर्षी लागत नाही.